चढवलेला महिना

आमच्या हॉलमध्ये मला घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मलाही कान आहेत. शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा लाईनवर सुपरवायझर म्हणून. गळ्यात कायम स्टॉपवॉच. कॉलर बसवायला अडतीस सेकंद, कफ लावायला तीस, बटणपट्टीला बावीस. कोणी चाळीस लावले की मला न बघता कळतं, मशीनच्या आवाजावरून. तेव्हा वेळ म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये असा माझा तोरा होता. होता, असं म्हणतेय मी.

आता जी गोष्ट सांगते ती ऑफिसातल्या साहेबांना माहीत नाही. आमच्याकडे बाळंतपणाची रजा बत्तीस आठवडे भरले की सुरू होते, त्याआधी एक दिवसही नाही. तोवर आठ तास मशीनवर वाकायचं, नाहीतर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहायचं. पायांचे खांब होतात, आणि कमरेचं तर बोलूच नका. मग बायका महिना चढवतात. म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख डॉक्टरांना चार आठवडे आधीची सांगायची. कागदावर बत्तीस भरतात तेव्हा पोटात अठ्ठावीसच असतात, आणि बाई महिनाभर आधी घरी जाऊन पाय वर करून पडते. शेवटी डॉक्टर म्हणतात दिवस उलटून चालले, तेव्हा बाईनं डोक्याला हात लावून म्हणायचं, अहो मॅडम, माझीच तारखेत गडबड झाली वाटतं. मॅडम चिडतात, बाळ आपल्या वेळेला येतं आणि सगळे पेढ्यांच्या गडबडीत विसरून जातात.

यात एकच मेख आहे. सुरुवातीलाच सोनोग्राफी झाली तर बाळाचं वय पक्कं कळतं, मग कोणाची मात्रा चालत नाही. म्हणून पाचवा महिना सरेपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही. उशिरा गेलं की मशीन म्हणतं बाळ जरा बारीक आहे, डॉक्टर म्हणतात खात जा, आणि आपण मान डोलवायची. ही शक्कल माझी नाही, माझ्या आधीच्या सुपरवायझरची. पण तिला धार मी लावली. रजेच्या अर्जावर सही माझी असते, आणि आजवर अकरा बायकांचा महिना माझ्या सहीनं चढला. एकीचंही वाईट झालं नाही. बायका मला शिव्याही देतात आणि दुवाही देतात, दोन्ही याच कारणानं की मी सेकंदाला सोडत नाही आणि वेळेला धावून जाते.

बारावी माझी सून. ती माझ्याच लाईनवर कॉलरला होती, तिथेच माझ्या मुलानं तिला पाहिलं. तो कारखान्याची मालवाहू गाडी चालवतो. मुलगी गरीब, हात साफ, बोलणं कमी. तिला दिवस गेले तेव्हा मी म्हटलं, आता चार महिने दवाखान्याचं नाव काढायचं नाही, पुढचं मी बघते. ती म्हणाली, "आई, ऑफिसला सांगू हवं तर खोटं. डॉक्टरांना कशाला?"

"अगं, कागद डॉक्टरच देतात ना," मी म्हटलं. "ऑफिस काय तुझं पोट बघणार आहे?"

ती हसली. मीही हसले. सून आपली, मग तिला एक महिना जास्त विश्रांती मिळाली तर कुठे बिघडलं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. हे मी आता सारवासारव करायला सांगत नाही. प्रेमानंच केलं मी ते.

रजेवर जाऊन तिला तीन आठवडे झाले होते. कागदावर पस्तीस, खरे एकतीस. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरून. मुलानं गाडी काढली. आठ वाजून पाच मिनिटांनी आम्ही सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागात होतो. वेळा मी अशा सांगते म्हणून हसू नका, माझ्या डोक्यात त्या आपोआप बसतात.

लांबट खोली, सहा खाटा, मध्ये हिरवे पडदे. टेबलाशी बसलेल्या सिस्टरनं वही ओढली आणि सुनेकडे न बघताच विचारलं, "कितवा आठवडा?"

सुनेनं तोंड उघडलं. तिचा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला आणि म्हटलं, "पस्तिसावा चालू आहे."

का दाबला, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतेय. कारणं आहेत हो. ऑफिसच्या भिंतीवर पाटी आहे, खोटी माहिती देणाऱ्याला कामावरून कमी केलं जाईल. दवाखान्यातला कागद ऑफिसात द्यावाच लागतो. माझी बावीस वर्षं, तिची नोकरी, त्या अकराजणींच्या सह्या. पण खरं सांगू? त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. विचारलं की पस्तीस सांगायचं हे तोंडात बसलं होतं, कॉलर मशीनखाली सरकवताना हात जसा आपोआप वळतो तसं.

एक तरुण डॉक्टरीण आली. डोळ्यांखाली काळं, बहुतेक रात्रभर उभी होती बिचारी. तिनं पोटाला हात लावला, टेप लावली, कागद बघितला. मग माझ्याकडे वळली. "पोट लहान वाटतंय. तारीख नक्की आहे ना?"

बघा. दुसऱ्यांदा विचारलं. देवानं मला दोनदा दार उघडून दिलं.

"नक्की," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळीच बाळं बारीक जन्मतात. हा माझा मुलगा बाहेर उभा आहे ना सहा फुटांचा, तोही जन्मला तेव्हा मुठीएवढा होता."

साफ खोटं. माझा मुलगा साडेतीन किलोंचा होता, त्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, "मग काळजी करू नका. जरा लवकर आहे, पण पस्तिसाला बाळाची फुफ्फुसं बहुतेक तयार असतात. कळा थांबवायची गरज नाही, होऊ दे." आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

मी सुनेच्या कपाळावरचा घाम पुसला. ती माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर टाळून पडदा नीट करत बसले.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी शेजारच्या खाटेवर एक बाई आणली. नववा लागायच्या आधीच पाणी गेलं होतं. पडद्यापलीकडे सिस्टर तिला इंजेक्शन देत होती आणि समजावत होती. चांगली बाई होती ती सिस्टर, इतक्या घाईतही समजावून सांगत होती. "हे तुझ्यासाठी नाही, बाळासाठी आहे. बाळाची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत, हवा गेली तरी पुन्हा मिटतात. हे औषध तुझ्या रक्तातून बाळाला जाईल, फुफ्फुसं उघडी राहायला मदत करेल. पण त्याला वेळ लागतो. एक दिवस तरी बाळ आत राहायला हवं. उद्या याच वेळेला दुसरं इंजेक्शन. तोवर कळा थोपवायला गोळ्या देते."

"एक दिवस?" ती बाई म्हणाली.

"चोवीस तास मिळाले तर फार छान."

मी पडदा बाजूला केला. "सिस्टर, आमच्या सुनेला नाही द्यायचं हे?"

"तिला कशाला? तिचे पस्तीस आहेत. चौतीसच्या पुढे सहसा देत नाही, तोवर फुफ्फुसं तयार झालेली असतात."

तिनं सहज सांगितलं आणि रिकामी सुई डब्यात टाकली. बाळ एकतीसचं. कळा चालू आहेत, त्या कोणी थोपवत नाहीये, कारण मी पस्तीस सांगितलं.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. दोन शब्द होते, एकतीस आठवडे. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि बाकावर बसले.

तुम्ही म्हणाल, ही बाई आहे की कोण आहे. म्हणा. मी स्वतःला याहून वाईट म्हणून बसलेय. बाकावर बसून मी स्वतःशी हिशेब मांडत होते, की तिसाव्या आठवड्यातली पण जगतात की बाळं, आमच्या गल्लीत एक आहे, आता शाळेत पहिला येतो. की आत्ता सांगितलं तर डॉक्टरीण विचारेल सकाळी का नाही सांगितलं, मग मोठे डॉक्टर येतील, फाईलवर लिहिलं जाईल, तो कागद ऑफिसला जाईल. साहेबांनी एकदा विचारलंही होतं, तुमच्या लाईनच्या बायकांची बाळं सगळी उशिरा कशी होतात हो? मी तेव्हा म्हटलं होतं, साहेब, माझ्या लाईनवर उशिरा काहीच होत नाही. सगळे हसले होते. की कदाचित कळा आपोआप थांबतील. की मुलगा येऊ दे, त्याला विचारू. मुलगा चहा घेऊन आला, त्याला मी काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, "आई, एवढी गप्प का? तुझं घड्याळ बंद पडलं की काय?" मी चहा प्यायले.

एक वाजायला पाच मिनिटं असताना सिस्टरनं मला आत बोलावलं, सून बोलावतेय म्हणून. तिचे ओठ पांढरे झाले होते. कळ गेल्यावर तिनं माझा पदर धरला आणि हळूच म्हणाली, "आई, मी पण ऐकलंय. मध्ये पडदाच तर आहे." मग म्हणाली, "सांगा ना आता."

तिला स्वतःला सांगता आलं असतं. पण तिनं मला कधी खोटं पाडलं नव्हतं, लाईनवर नाही आणि घरी तर नाहीच. मरणाच्या दारातही तिनं माझा मान ठेवला, आणि मी तो मान घेऊन अडीच तास बाकावर बसले होते.

एक वाजून पाच मिनिटांनी मी डॉक्टरणीला सांगितलं. महिना चढवण्याचं, उशिरा दवाखान्यात येण्याचं, सगळं. तिला वाटलं असतं तर ती मला तिथेच चार शब्द सुनावू शकली असती. ती ओरडली नाही. तिनं पेन उचललं, फाईलवरचे पस्तीस खोडले आणि वर एकतीस लिहिलं. मग विचारलं, "किती वाजता आलात तुम्ही?"

"आठ वाजून पाच."

"सकाळी पिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलं होतं," ती म्हणाली. "आता सहा आहे." आणि सिस्टरला हाक मारत धावली.

एक वीसला इंजेक्शन दिलं. गोळ्या दिल्या. डाव्या कुशीवर निजवलं. नवजात विभागाला फोन केला, काचेची पेटी तयार ठेवा म्हणून. आम्हाला सांगितलं, आता जितका वेळ मिळेल तितका. मिळवायचं आपल्या हातात फारसं राहिलेलं नाही.

आयुष्यभर मी बायकांना म्हणत आले, चला, हात उचला, पुढची कॉलर घ्या. त्या दुपारी मी सुनेच्या खाटेशी उभी राहून मनात एकच घोकत होते, थांब गं बाळा, हळू. भिंतीवरचं घड्याळ मला पळवायचं नव्हतं, अडवायचंही नव्हतं. काटा पुढे गेला तर औषधाला वेळ मिळत होता आणि काटा पुढे गेला तर कळही जवळ येत होती. नेमकं काय मागावं हेच कळेना. तीन वाजले. चार वाजले. कळांमधलं अंतर मी मोजत होते, सवयच ती. सात मिनिटं, मग सहा, मग पाच. गोळ्यांनी एकदा अंतर आठवर नेलं तेव्हा मला वाटलं जिंकलो. सिस्टरनं माझ्याकडे बघून मान हलवली, खुश होऊ नका म्हणून. मग चार. मग तीन.

मुलगा व्हरांड्यात फेऱ्या घालत होता. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, ते मीच सांगितलं. तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "आई, थोडा वेळ तू माझ्याशी बोलू नकोस." आणि तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मधे दोन माणसांची जागा रिकामी होती, तिथे कोणीतरी पिशवी ठेवून गेलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. एक किलो चारशे ग्रॅम. रडली नाही. एक आवाज आला, म्हातारं माणूस जिना चढून आल्यावर कण्हतं तसा. सिस्टर तिला कापडात गुंडाळून माझ्या समोरून पळत गेली आणि मला फक्त एक पाऊल दिसलं, माझ्या अंगठ्याएवढं.

तासाभरानं काचेतून बघू दिलं. डायपर तिला छातीपर्यंत येत होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, इतका खोल की आता पाठीला लागेल असं वाटावं. नाकपुड्या फुलत होत्या. मी मोजलं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. माझ्या लाईनवर इतक्या जोरात कोणी काम करत नाही. मग डॉक्टरांनी घशातून नळी घातली, नळीतून फुफ्फुसात औषध सोडलं आणि मशीन लावलं, तेव्हा तिचं ते कण्हणं थांबलं. नळी असली की आवाज निघत नाही म्हणाले.

तरुण डॉक्टरीण घरी जायला निघाली होती. मी तिला जिन्यात गाठलं. "मॅडम, सकाळी आठलाच इंजेक्शन दिलं असतं तर?"

ती पायरीवर थांबली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं असावं आणि खरंही. "साडेदहा तास मिळाले असते," ती म्हणाली. "आणि तेव्हा तोंड कमी उघडलं होतं, गोळ्यांनी कदाचित अजून एखादा दिवसही निघाला असता. कदाचित. नक्की कोणीच सांगू शकत नाही." मग म्हणाली, "मिळाले ते पाच तासही अगदी फुकट नाही गेले. काही बाळांना तेवढ्यानंही फरक पडतो."

ती मला धीर देत होती. मी मात्र तोवर हिशेब करून मोकळी झाले होते. आठ ते साडेदहा मला माहीत नव्हतं, ते एक वेळ सोडून द्या. दहा पंचवीस ते एक पाच मला माहीत होतं. दोन तास चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात एक बाई अडीचशे कॉलर बसवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेजवळ बसले होते. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल, रडेल, बोल लावेल. मी त्यासाठी तयार होऊन गेले होते, तिनं तसं केलं असतं तर बरंच झालं असतं. ती छताकडे बघत म्हणाली, "आई, चुकलंच माझं. सकाळी तुम्ही हात दाबलात तेव्हा मी जोरात बोलायला हवं होतं."

"तुझं नाही गं," मी म्हटलं. "माझं."

"मी तिची आई आहे," ती म्हणाली. "तुम्ही आजी आहात."

तिला दूध येत होतं, आणि ते काढून वाटीत घेऊन वर पाठवायचं होतं. मी वाटी धरली.

आठव्या दिवशी मी कामावर गेले. नळी निघाली नव्हती. एकदा काढून बघितली, चार तासांत परत घालावी लागली. मुलगा आता माझ्याशी बोलतो, म्हणजे डबा दे, किल्ली कुठे आहे, असं. जन्माचा कागद माझ्या पिशवीत आहे, त्यावर एकतीस आठवडे लिहिलंय, तो ऑफिसात द्यायचाय. रोज सकाळी वाटतं आज देऊ. दिला की माझ्यासकट त्या अकराजणींची चौकशी लागेल, त्यातल्या दोघी आत्ता रजेवर आहेत. नाही दिला तर सुनेची पुढची रजा अडते. हॉलमध्ये सगळ्यांना एवढंच माहीत आहे की बाळ लवकर आलं. बायकांनी पाठीवर हात ठेवले, नशीब म्हणाल्या, होईल सगळं ठीक म्हणाल्या. मी हं हं म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवरची पोरगी आली. तोंडाळ आहे, पण मनानं चांगली, हॉलमध्ये तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिला दिवस गेलेले मला कळलं होतं; इस्त्रीची वाफ आली की ती तोंड फिरवायची. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझं बघायचंय हं तुम्हाला. डॉक्टरांना तारीख काय सांगू? अजून गेले नाही मी, तुमचा नियम माहितीय मला."

"उद्याच जा," मी म्हटलं. "आणि खरी सांग."

ती हसली, तिला थट्टा वाटली. मग माझा चेहरा बघून थांबली. "खरी सांगितली तर बत्तीसपर्यंत उभं राहावं लागेल बाई. पाय बघा माझे, आत्ताच काय झालेत."

"डॉक्टरांना खरंच सांगायचं. पुढे काय लागेल ते कोणाला माहीत."

"आणि रजा?"

ऑफिसला खोटं सांगायचं तर डॉक्टरांनाही सांगावं लागतं, हे मीच नाही का सुनेला हसत सांगितलं होतं.

तिनं डबा उचलला. मग म्हणाली, "स्वतःच्या सुनेला दिलात ना पण चढवून?"

"दिला," मी म्हटलं.

"मग झालं तर. घरच्यांना एक आणि आम्हाला एक." आणि ती डबा घेऊन निघून गेली.

तिच्यामागे जाऊन सगळं सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात भोंगा झाला आणि मशीनं सुरू झाली. ती इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवून. मी माझं स्टूल उचललं, हॉलच्या त्या टोकापर्यंत नेलं आणि तिच्यामागे ठेवलं. हॉलमध्ये सगळे बघत होते. सुपरवायझरचं स्टूल आजवर कोणाला मिळालं नव्हतं. ती माझ्याकडे न बघता बसली आणि इस्त्रीकडे हात केला. टेबल उंच आहे. बसून हात पोचत नाही. तिनं दोनदा करून बघितलं, मग उठली, स्टूल पायानं बाजूला सरकवलं आणि पुढचा शर्ट घेतला.